‘सांगितलं तर कॉलेज बंद होईल’: पोरापोरींच्या नात्यातली हिंसा रोखायची तर आधी ही भीती काढा

अकरावीतली मुलगी समोर बसलेली, फोन मांडीवर पालथा. बोलता बोलता मध्येच म्हणाली, मॅडम, तुमच्या टेबलाचा एक फोटो काढू का, म्हणजे त्याला कळेल मी खरंच कॉलेजात आहे. मी म्हटलं काढ. तिने काढला, पाठवला, दोन निळ्या टिका आल्या आणि मग कुठे तिचे खांदे खाली आले. पाच मिनिटांत फोन परत थरथरला. ‘बाजूला कोण आहे’. मग लगेच ‘खिडकीकडून काढ’. दर अर्ध्या तासाला असा एक फोटो, सकाळी बसस्टॉपपासून रात्री झोपेपर्यंत, आणि हे सगळं ती मला अगदी सहज सांगत होती, की मॅडम तो जरा पझेसिव्ह आहे, बाकी चांगला आहे. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

मी विचारलं घरी माहितीये का? तर म्हणाली, घरी सांगितलं तर कॉलेज बंद. बस, एवढंच. पुण्यातल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला वाटतं सगळ्याचं मूळ इथेच आहे. मार खाणं, धमक्या, फोटोची भीती हे सगळं मुली सहन करतात कारण सांगण्याची किंमत त्याहून मोठी असते. शाळा जाते, फोन जातो, क्लास जातो, कधी कधी थेट स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून खाली जे जे लिहिलंय ते वाचताना प्रत्येक ठिकाणी हा एकच प्रश्न विचारा, की यामुळे पोरांना सांगणं सोपं होतंय का अवघड.

माझी स्वतःची चूक आधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने मला सांगितलं की एक मुलगा रस्त्यात हात धरतो, नाही थांबलं तर दप्तर ओढतो. मी तासाभरात तिच्या आईला फोन केला, मुलाच्या नावासकट सगळं सांगितलं आणि मला वाटलं मी माझं काम केलं. सोमवारी मुलगी आली नाही. बुधवारी वडील येऊन दाखला घेऊन गेले, तिला गावी आजीकडे पाठवलं. तो मुलगा त्या दिवशी मधल्या सुट्टीत ग्राउंडवर क्रिकेट खेळत होता. ते मी विसरू शकत नाही.

आधी ओळखायचं काय

आपल्याकडे मोठ्यांचं लक्ष ‘लफडं आहे का’ याच्यावर असतं. ते सोडा. दोघांना एकमेक आवडतात, डबा शेअर करतात, झेड ब्रिजवर गप्पा मारत बसतात, हे वय आहे, ते होणारच. बघायचं ते धाक आहे का. ती त्याच्यासमोर वेगळी वागते का, मैत्रिणी एकदम कमी झाल्यात का, फोन वाजला की चेहरा उतरतो का, पासवर्ड त्याच्याकडे आहे का, लोकेशन चोवीस तास चालू ठेवायला लावलंय का, कपडे, हेअरस्टाईल, कुणाची स्टोरी लाईक केली याचा हिशोब द्यावा लागतो का. उन्हाळ्यात फुल बाह्या हे तर सगळ्यांना माहीत असतं, पण मारहाणीच्या खूप आधी हे बाकीचं सुरू होतं आणि त्याला आपण ‘प्रेम आहे म्हणून काळजी करतो’ असं नाव देतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘तू सोडलंस तर मी नस कापेन’. हे मुलं पण म्हणतात आणि मुली पण म्हणतात. हे दडपण आहेच, पण धमकी म्हणून सोडूनही द्यायचं नाही, कारण कधी कधी ते पोरगं खरंच तिथवर पोचलेलं असतं. ज्याला हे ऐकवलं जातंय त्याला स्पष्ट सांगा की त्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी तुझी नाही, ते काम मोठ्यांवर सोपव, आणि मग मोठ्यांनी खरंच ते काम करायचं, त्या पोराच्या घरी त्याच दिवशी कळवायचं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यायचा, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि हो, मुलगेही यात अडकतात. मुलीकडून मार खाणारा, ब्लॅकमेल होणारा मुलगा तर सांगतच नाही कारण सांगितलं की वर्ग हसतो. दोन मुलींच्या किंवा दोन मुलांच्या नात्यात तर ‘तुझ्या घरी सांगेन’ ही एकच धमकी पुरते.

पहिली दहा मिनिटं

कोणी सांगायला आलं की पहिल्या दहा मिनिटांत पुढचं सगळं ठरतं. तुम्ही शिक्षक असा, शिपाई मावशी असा, क्लासचे सर असा.

ती पूर्ण बोलायच्या आधीच गुप्ततेचं खरं सांगून टाका. मी साधारण असं म्हणते, ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा शरीराला हात लावण्याचं काही झालं असेल तर कायद्याने मला पुढे कळवावं लागतं. ते करायच्या आधी मी तुला सांगेन आणि कोणाला कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू.’ कोणालाच सांगणार नाही असं वचन कधीच देऊ नका, ते मोडावं लागतं आणि एकदा मोडलं की तिच्या सगळ्या मैत्रिणींसाठी तुमचं दार बंद.

मग ऐका. ‘बरं केलंस सांगितलंस’, ‘यात तुझी चूक नाही’ एवढी दोन वाक्यं पुरतात. प्रश्न मोजके विचारा, आज घरी जायला सेफ वाटतंय का, तो चिडला की काय करतो, तुझा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्याकडे आहे का, आणि शेवटचा, तुला काय व्हायला हवंय. हा शेवटचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही. बऱ्याच मुलींना ‘हे थांबायला हवंय’ एवढंच हवं असतं. ‘अभ्यासाचं वय आहे’, ‘तुला कळत नव्हतं का’, ‘आत्ताच्या आत्ता सोड त्याला’ ही तिन्ही वाक्यं गिळून टाका. दोघांना समोरासमोर बसवून समेट तर अजिबात करू नका, जिथे एक जण दुसऱ्याला घाबरतोय तिथे समेट होत नसतो, घाबरलेला माणूस फक्त मान हलवतो.

घरी सांगायचं तेव्हा तिलाच विचारा, घरात सगळ्यात आधी कोणाला सांगू. आई नसते पुष्कळदा, मावशी असते, आत्या असते, चुलत बहीण असते. त्या माणसाला आधी बोलवा, मग आई-वडिलांना. फोनवर नाही, समोर बसून. आणि आई-वडिलांकडून तीन गोष्टी तिथेच कबूल करून घ्या: दाखला काढायचा नाही, मारायचं नाही, फोन कायमचा काढून घ्यायचा नाही. मी त्यांना सरळ सांगते की ताई, दादा, तिने विश्वासाने सांगितलंय आणि त्याची शिक्षा तिलाच झाली तर पुढच्या वेळी ती तुम्हाला नाही सांगणार, आणि पुढची वेळ याहून वाईट असू शकते. ऐकतात. सगळे नाही, पण बरेच ऐकतात. जिथे घरातूनच मारहाणीची किंवा घाईघाईने लग्न लावण्याची भीती असेल तिथे आई-वडिलांच्या आधी १०९८ ला फोन करा, चाइल्डलाइन आहे, २४ तास चालू असते, मूल स्वतः पण करू शकतं.

शाळेने काय करायचं

मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ती समिती आणि तक्रारपेटी यावर सरकारने परत जोर दिला. आता पेटी बघा कुठे लावलेली असते, मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, वर सीसीटीव्ही. कोण टाकणार त्यात चिठ्ठी? पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, मुलांच्या वेगळी, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. दर शनिवारी उघडा, समितीतल्या दोघांनी मिळून, आणि सोमवारी नाव न घेता फळ्यावर लिहा की ४ चिठ्ठ्या आल्या, चारहींवर काम सुरू आहे. उत्तर येतंय हे दिसलं की चिठ्ठ्या वाढतात, आणि वाढल्या म्हणून घाबरू नका, आधी त्या गोष्टी होत नव्हत्या असं नाही.

दुसरं काम मला सगळ्यात जास्त आवडतं, नकाशाचं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये शिफ्टिंग बाउंडरीज नावाचा कार्यक्रम तपासून बघितला होता, त्यात वर्गातल्या धड्यांबरोबर शाळेच्या इमारतीवरही काम केलं. मुलांकडूनच शाळेचा नकाशा भरून घेतला, कुठे सेफ वाटतं आणि कुठे नाही, आणि मग त्या जागांवर मोठ्यांची नजर वाढवली. इमारतीवरच्या या कामाचा उपयोग दिसून आला. आपल्याकडे हे एका तासात होतं. शाळेचा आराखडा फोटोकॉपी करा, लाल आणि हिरवे स्केचपेन द्या, नाव लिहायचं नाही. आमच्याकडे केलं तेव्हा शिक्षकांना वाटत होतं मागचा जिना लाल येईल. आला सायकल स्टँड. शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं, जेव्हा बाहेरची मुलं बाईक घेऊन आत यायची आणि तिथे एकही मोठं माणूस नसायचं. उपाय काय होता, तर पीटीच्या सरांनी ती पंधरा मिनिटं तिथे उभं राहायचं. एवढंच. नकाशात शाळेबाहेरचा रस्ता, पीएमपीएमएल बसचा स्टॉप, झेरॉक्सचं दुकान हे पण घ्या.

आणि हे तर लिहूनच ठेवा: जागा बदलायची तर ज्याने त्रास दिला त्याची. बॅच, बाक, बस, लॅबचा ग्रुप त्याचा बदला. ‘तूच दुसऱ्या तुकडीत जा म्हणजे त्रास नको’ असं मुलीला म्हटलं की वर्गाला कळतं सांगणाऱ्यालाच उठावं लागतं.

‘वहिनी’चा तास

एखाद्या मुलाला एक मुलगी आवडते, तिला माहीतही नसतं, आणि त्याचे मित्र ती दिसली की ‘ए वहिनी आली’ म्हणतात. सगळे हसतात. मुलाला वाटतं आता ती आपलीच झाली. मग तिने नाही म्हटलं तर तो नकार राहत नाही, चारचौघांत झालेला अपमान होतो. माझ्या मते एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली जे होतं त्याची सुरुवात या ‘वहिनी’मध्ये आहे आणि ती थांबवायची ताकद त्या मुलापेक्षा त्याच्या मित्रांमध्ये जास्त आहे.

पुण्याला हे नवीन नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावाला आलेल्या १४ वर्षांच्या मुलीचा खून झाला, कारण एकतर्फी प्रेम सांगितलं गेलं. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भररस्त्यात एक तरुण कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला आणि तिथल्याच तरुण मुलांनी त्याला अडवलं म्हणून ती वाचली. मुलांसमोर मी या दुसऱ्या घटनेबद्दल बोलते, कोयत्याबद्दल नाही, अडवणाऱ्या हातांबद्दल. मग विचारते, कोयता हातात यायच्या सहा महिने आधी त्याला कोण अडवू शकलं असतं आणि काय बोलून. मुलं विचार करतात, खरंच करतात.

तासात भाषण नको. मुलांना जोड्यांमध्ये ‘नाही’ ऐकायचा सराव द्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं, पहिल्याने ‘ओके, कळलं’ म्हणून निघून जायचं. पहिल्यांदा खिदळतात, तिसऱ्या फेरीला शांत होतात. मग मित्राचा सराव, ‘भाई, तिने नाही म्हटलंय, सोड ना, चल चहा घेऊ’. हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं पाहिजे, आपल्या नाही. मुंबईत क्रिकेटच्या कोचना शिकवून परिवर्तन नावाचा कार्यक्रम झाला होता, तिथे कोचच मुलांशी हे बोलायचे, कारण कोचचं मुलं ऐकतात. पुण्यात ईक्वल कम्युनिटी फाउंडेशन ही संस्था वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांबरोबर हेच काम करते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या नारी समता मंचाचं काम जुनं आहेच, अशांना शाळेत बोलवा.

ज्याने त्रास दिला त्या मुलाला वाळीत टाकून भागत नाही. त्याच्याबरोबर वेगळं बसावं लागतं, बरेचदा घरी त्याने बापाला हेच करताना बघितलेलं असतं. मात्र त्याचं समुपदेशन सुरू आहे म्हणून तिच्या सुरक्षेत ढिलाई नाही.

फोटो आणि फोन

फोटो व्हायरल करेन म्हणाला की मुली सगळ्यात आधी काय करतात, तर चॅट डिलीट करतात. थांबवा. ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट, त्यात नंबर किंवा आयडी, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पैसे किंवा आणखी फोटो मागतोय तर एकही द्यायचा नाही, एकदा दिलं की मागणी वाढते.

शिक्षकांनी नीट ऐका, तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवू नका. पुरावा म्हणून सुद्धा नाही, स्टाफच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. अल्पवयीन मुलाचं लैंगिक चित्र पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा आहे. फोन मुलीकडेच राहू द्या, आणि पोलिसांत किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा, तिथे महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देता पण करता येते. फोन नंबर १९३०. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सोय आहे, त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. हे समजावून सांगितलं की मुलींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव येतो, कारण त्यांना वाटत असतं आता आयुष्य संपलं.

सोडताना

‘सोड त्याला’ म्हणणं सोपं, पण सोडण्याचा काळच सगळ्यात जास्त धोक्याचा असतो. ‘शेवटचं एकदा भेट, तळजाई टेकडीवर ये, फक्त बोलायचंय’ हे बोलावणं आलं की जायचं नाही. कधीच नाही. एकदाच, एका मेसेजमध्ये, स्पष्ट लिहायचं: मला हे नातं नको आहे, मला भेटू नकोस, मेसेज करू नकोस. कारणं द्यायची नाहीत. त्याचा स्क्रीनशॉट एका मोठ्या माणसाकडे द्यायचा. याला कायद्यातही अर्थ आहे, मुलीने नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग आहे, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत.

पुढचे काही आठवडे यायची-जायची वेळ बदला, सोबत कोण असेल ते वाराप्रमाणे कागदावर लिहा, पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा, कॉमन मित्रांना कार्यक्रम सांगू नका. आई किंवा मैत्रिणीबरोबर एक साधा शब्द ठरवा. आमच्या एका मुलीचा होता ‘भूगोलाची वही’, तो मेसेज आला की कुठलाही प्रश्न न विचारता आईने घ्यायला निघायचं. रस्त्यात धोका वाटला तर ११२, दुकानात शिरायचं, पोलिसांचं दामिनी पथक दिसलं तर त्यांना थांबवायचं.

कायद्याचं थोडक्यात

१८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबतच्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा हाताखालच्या माणसाने केला असेल तर संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांना हे कलम दाखवा. १८ च्या आतली संमती हा कायदा मानत नाही, म्हणजे दोघं सतरा वर्षांचे आणि दोघांच्या मर्जीने असलं तरी गुन्हा होऊ शकतो, हे मुलांना आधीच माहीत हवं, नंतर पोलीस ठाण्यात नाही.

पण मुलींना मी दुसरी बाजू जास्त सांगते, कारण भीती तिथली असते. जबाब घरी किंवा तुला हवं त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी असते, गणवेशात नसते, तुझा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं, रात्री ठाण्यात ठेवत नाहीत, नाव छापत नाहीत. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. महिला आणि मुलांना मदत करणाऱ्या पुणे पोलिसांच्या भरोसा सेललाही जाता येतं.

शाळेबाहेर

पोरं शाळेत सहा तास असतात. बाकी क्लास, सोसायटीचं पार्किंग, आणि पावसाळ्यात ढोल-ताशा पथकाचा सराव. नदीपात्रात रात्री उशिरापर्यंत मुलंमुली एकत्र वाजवतात, चांगलंच आहे, मला तर ते फार आवडतं. पण पथकप्रमुखांनी सरावाच्या पहिल्या दिवशी दोन नावं जाहीर करावीत, एक ताई एक दादा, ज्यांच्याकडे त्रास सांगायचा. आणि ज्याची तक्रार येईल त्याचा ढोल उतरवायचा, तिचा नाही. मिरवणुकीतली जागा जाते म्हटल्यावर मुलं जेवढी भानावर येतात तेवढी कुठल्याच व्याख्यानाने येत नाहीत. गणेश मंडळांनीही हेच करावं. क्लासवाल्यांनी रात्रीची शेवटची बॅच सुटताना दहा मिनिटं जिन्याखाली उभं राहावं. व्हॅनवाले काका, रिक्षावाले काका, कोपऱ्यावरचा चहावाला, यांना सगळ्यात आधी दिसतं कोण कोणाच्या मागे रोज येतंय. त्यांच्याकडे शाळेतल्या एका माणसाचा नंबर द्या आणि वर्षातून दोनदा चहाला बोलवा.

नंतरचं

केस ‘मिटली’ म्हणून फाईल बंद करू नका. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने तिला गाठा, वर्गातून बोलावून नाही, जाता येता सहज. सुट्ट्यांच्या आधी हमखास, कारण दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत शाळा नसते आणि फोन दिवसभर हातात असतो.

आणि दहावी-बारावीची मुलगी असेल तर हॉल तिकीट आलं की त्याच दिवशी दोघांचं परीक्षा केंद्र बघा. एकच केंद्र असेल तर केंद्रसंचालकांना आधी भेटून दोघांच्या यायच्या-जायच्या वेळेचं बोलून ठेवा, पेपर सुटल्यावर गेटवर तिच्यासाठी कोण उभं असेल ते पेपरनिहाय लिहा. मराठीच्या पेपरला मावशी, गणिताला बाबा, भूगोलाला मी.